कुडाच्या घराची साक्ष

अभ्यास लेख. शास्त्रभाग: लेवीय २३:३९-४३ आणि यिर्मया ३२:६-१५



मावळातल्या कातकरी वाड्यांना भेट देऊन आपली मंडळी लोकलने आकुर्डी स्थानकावर परत उतरते, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते: "त्या झोपड्या आधी पाडल्या पाहिजेत आणि त्यांना चांगली घरे बांधून दिली पाहिजेत." चांगली घरे दिली पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली लेकरू उशाशी घेऊन रात्र काढणाऱ्या आईला झोपडीचे कौतुक सांगणे हा निर्दयपणा आहे. पण "आधी पाडल्या पाहिजेत" या शब्दांपाशी थोडे थांबावे, असे मला वाटते. या अंकातला अभ्यास त्या एका झोपडीविषयी आहे. ती कशी बांधली आहे, ती बांधणाऱ्यांनी पोटासाठी काय काम केले, आणि ती उभी असण्याला कायद्याच्या दृष्टीने आणि शास्त्राच्या दृष्टीनेही काय अर्थ आहे, हे पाहू.

वाडीचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथला जमिनीचा दावा अजून चालू आहे. कामशेत स्थानकावर उतरून पुढे जीपने आणि शेवटचा टप्पा पायी, एवढे सांगितले तरी आपल्या नेहमीच्या स्वयंसेवकांना ती कळेल. घर आहे तिथल्या सर्वांत वयस्कर आजींचे. माझी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात गेल्यामुळे कोणतीही रचना दिसली की ती मोजून कागदावर उतरवायची सवय हाताला आहे. आजींनी हसत परवानगी दिली. "मोज बाबा, पण आत वाकून ये, डोकं आपटंल," एवढीच त्यांची अट होती.

आतून लांबी पंधरा फूट, रुंदी साडेअकरा. पुढे अडीच फुटांची पडवी. घराचा सगळा भार सहा मेढींवर आहे. मेढ म्हणजे वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके असलेला खांब. असा खांब सुतार घडवत नाही, रानात हिंडून शोधून आणावा लागतो. मधल्या दोन मेढींच्या बेचक्यात आढे टेकलेले आहे आणि त्यावरून दोन्ही बाजूंना वासे उतरतात. संपूर्ण सांगाड्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे सालीच्या वाखाने बांधलेले. मेढी ऐनाच्या आहेत. जमिनीत पुरण्याआधी त्यांचे खालचे टोक जाळून काळे केलेले आहे, कारण वरचा थर कोळसा झालेल्या लाकडाला वाळवी लवकर लागत नाही. कोळसा पाडून जगणाऱ्या माणसांना हे शिकवायला कोणी अभियंता लागला नसणार.

भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या एकमेकींना लगटून उभ्या रोवायच्या, आडव्या काठ्यांनी आवळायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या, म्हणजे कूड तयार होतो. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी माजलेली असते. तिची गंमत अशी की ती आठ वर्षांनी एकदा फुलते. सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, मग बी धरते आणि झुडूप मरते. मेलेल्या कारवीच्या सरळ, वाळलेल्या काठ्या घराच्या कामाला येतात. म्हणजे घर बांधायला जिवंत जंगल तोडावे लागते ते फक्त मेढी, आढे आणि वाशांपुरते, आणि तेवढे लाकूड एकदा आणले की पिढीभर पुरते. कूड मात्र दर काही वर्षांनी नवा होतो आणि छपराचे गवत त्याहून लवकर बदलते. म्हणून "हे घर किती जुने?" या प्रश्नाला सरळ उत्तर नसते. गवत गेल्या वर्षीचे, कूड चार-पाच वर्षांचा, आणि मेढी आजींच्या सासऱ्यांनी आणलेल्या. बाहेरून पाहणाऱ्याला गवत दिसते आणि तो म्हणतो, तात्पुरती झोपडी. घराचे खरे वय आत, मेढींमध्ये आहे.

वर पाहिले तर आढे आणि वासे डांबर फासल्यासारखे काळे आहेत. हा चुलीचा धूर. धुराने डोळे आणि छाती खराब होतात हे आपल्या आरोग्य शिबिरांत आपण पाहिलेच आहे, आणि गॅस आला याचा आनंद मानला पाहिजे. पण त्याच धुराने गवत कोरडे राहत होते आणि लाकडाला भुंगा लागत नव्हता. चूल बंद झाल्यावर छप्पर लवकर कुजते. वाडीतल्या तरुणांना याचे कारण ठाऊक नव्हते, आजींना ठाऊक होते.

घराच्या वयाचा हिशेब आजींनीच लावून दिला. त्यांना साल सांगता येत नाही. पण कोयनेचा मोठा भूकंप त्यांना पक्का आठवतो: पहाटेची वेळ, उतरंडीची गाडगी कोसळली, सासू ओरडत बाहेर पळाली, आणि आजींचा थोरला मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. ती उतरंड याच घरात, याच भिंतीला लागून होती. म्हणजे घर त्याआधीचे. ही तारीख ध्यानात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

आता या घरातली माणसे करत काय होती ते पाहू. कातकरी हे नावच कामावरून आले आहे. खैराच्या झाडाचा गाभा तासून त्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, तो अर्क आटवून घट्ट करायचा, वाळवून वड्या पाडायच्या, म्हणजे कात. आपण पानात खातो तो. कात करणारे ते कातकरी. या कामाला जंगलात मोकळेपणी वावर लागतो, आणि एकोणिसाव्या शतकात तोच गेला.

त्या गोष्टीचा एक धागा आपल्या अगदी जवळ आहे. दापोडी आपल्याला मुळा नदीवरच्या पुलासाठी आणि कारखान्यांसाठी माहीत आहे. इंग्रजी अमदानीत तिथे सरकारी वनस्पती उद्यान होते, आणि अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर त्याचे प्रमुख होते. याच गिब्सनसाहेबांना १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमण्यात आले. जंगले भराभर तुटत आहेत याची त्यांना खरोखरच काळजी होती, हे मान्य केले पाहिजे. पण जंगल राखायचे कोणासाठी, या प्रश्नाचे सरकारी उत्तर जहाजे आणि लवकरच रेल्वे असे निघाले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग पुरा झाला. रुळांखालच्या स्लीपरना लाकूड हवे होते. आपण ज्या मार्गाने लोकलने वाडीकडे जातो तोच हा मार्ग. पुढे १८७८ चा भारतीय वन कायदा आला, त्यानंतर १९२७ चा, जो दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. राखीव जंगलात झाड तोडणे, राहणे, चूल पेटवणे हे सगळे परवानगीचे विषय झाले. ज्याचे नाव कातावरून पडले त्याचा खैर सरकारजमा झाला.

मग पोटासाठी उरले ते दुसऱ्याच्या ठेक्यावरचे काम. जंगलाचा एखादा तुकडा, ज्याला आजही सगळे 'कूप' म्हणतात, लिलावात जायचा. ठेकेदार तो घ्यायचा आणि आदिवासी तो तोडायचे, सोलायचे, ओढून आणायचे. उरलेल्या लाकडाचा कोळसा पाडायचे. कोळशाची भट्टी लावणे म्हणजे नुसती लाकडे पेटवणे नव्हे. ओंडके विशिष्ट रीतीने रचून त्यावर पालापाचोळा, त्यावर मातीचा थर. मध्ये आग सोडायची आणि हवेची भोके एकेक करून कमी-जास्त करायची. दिवसरात्र जागून धुराचा रंग पाहायचा. पांढरा, दाट धूर म्हणजे लाकडातले पाणी जाते आहे. तो निळसर, पातळ झाला की कोळसा होत आला. हवा जास्त गेली तर हाती राख. आठवड्याची मेहनत एका डुलकीत जाऊ शकते. म्हणून भट्टीशेजारीच खोप बांधायची, गवत आणि डहाळ्यांची, कमरेइतकी उंच. दिवाळीनंतर घराला ताटी लावून बाहेर पडायचे, ते पावसाच्या तोंडावर परतायचे. ठेकेदाराकडून आधीच उचल घेतलेली असायची, आणि ती फिटली की नाही हे ठेकेदाराची वही सांगायची. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. पण उचल हा शब्द कोणत्याही कातकरी वाडीत आजही समजावून सांगावा लागत नाही.

वाचकांपैकी काहींनी गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' वाचले असेल. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ पासून जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्याविरुद्ध जी उठावणी केली, तिची ती हकिकत आहे. त्याआधी १९३८ मध्ये सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला होता आणि त्यात ठेकेदारीतल्या पिळवणुकीचे वर्णन होते. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, त्यातून जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना प्रत्यक्षात आली. कूप ठेकेदाराऐवजी तोडणाऱ्यांच्याच संस्थेला द्यायचा. सगळ्या संस्था चांगल्या चालल्या असे नाही, पण काही ठिकाणी पहिल्यांदाच मजुराच्या नावाने हिशेब लिहिला गेला. पुढे १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर वृक्षतोडीवर कडक बंधने आली आणि या संस्थांचे कामही आटले.

मेळघाटात आणखी वेगळा प्रकार होता. तिथे वनखात्यालाच तोडीसाठी हाताशी माणसे हवी होती, म्हणून कोरकू कुटुंबांना जंगलातच वसवून वनग्रामे केली गेली. राहायला जागा, कसायला तुकडा, आणि बदल्यात खात्याच्या कामाला हजर राहणे. घर स्वतःच्या हाताने बांधलेले, पण जमीन कधीच नावावर नाही.

जगात इतरत्र अशा कामगारांच्या घरांचे काय झाले? पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅराडेल नावाचे जुने लाकूड गिरणीचे गाव आहे. तिथली गिरणी कामगारांची साधी लाकडी घरे वारसा म्हणून जपली आहेत. इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात सिंगलटन येथे जुन्या ग्रामीण इमारतींचे खुले संग्रहालय आहे. त्यात सरदार-दरकदारांचे वाडे नाहीत, शेतकऱ्यांची घरे आहेत, आणि त्याच संग्रहालयात कोळसा पाडणाऱ्यांचा तळ, त्यांची खोप आणि भट्टी मांडून दाखवली गेली. मला ही गोष्ट कळली तेव्हा पहिला विचार आला तो मावळातल्या खोपींचा. तेच काम, तोच धूर, तीच जागलेली रात्र. तिकडे ती तिकीट काढून पाहायची वस्तू झाली आहे, इकडे तिला अतिक्रमण म्हणतात.

आपल्या देशात काहीच नाही असेही नाही. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात वेगवेगळ्या आदिवासी समाजांची घरे त्या त्या समाजातल्या माणसांनी स्वतः येऊन बांधली आहेत. पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे, निगडीहून फार तर तासाभराचा प्रवास. आपल्या तरुण संघाने तिथे एकदा जावे. मात्र मला संग्रहालयापुरते बोलायचे नाही. संग्रहालयातले घर वारसा सांगते, वाडीतले घर त्याशिवाय हक्कही सांगते.

आता कायद्याकडे येऊ. हा भाग थोडा किचकट आहे, पण वाचावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केले की जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क नोंदवलेच गेले नव्हते, आणि तो त्यांच्यावर झालेला ऐतिहासिक अन्याय आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी अनुसूचित जमातीची कुटुंबे वनजमिनीवर राहत किंवा कसत होती, त्यांना त्या जमिनीचा हक्क मागता येतो. मर्यादा चार हेक्टर. हक्क पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंदला जातो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कोणाला हटवता येत नाही.

पुरावा काय द्यायचा? आपल्याला वाटते, कागद. रेशनकार्ड, मतदार यादी, घरपट्टीची पावती हे आहेच. पण कायद्याचे नियम लिहिणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ज्यांना कागद दिलाच गेला नाही त्यांच्याकडे कागद मागून काय उपयोग, हे त्यांनी ओळखले. म्हणून नियम १३ मध्ये पुराव्यांच्या यादीत घर, झोपडी, बांध अशा प्रत्यक्ष खुणा आहेत. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आहेत. वंशावळ आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे लिहून घेतलेले निवेदन आहे. एकच पुरावा पुरत नाही, यांपैकी एकाहून अधिक लागतात.

आता आजींचे घर पुन्हा डोळ्यांपुढे आणा. ऐनाच्या मेढी, १९६७ च्या भूकंपात पडलेली उतरंड, मागच्या बाजूला सासूने लावलेले आंब्याचे झाड. त्यांच्याकडे जमिनीचा जो पुरावा आहे त्यातला मोठा हिस्सा म्हणजे हे घर. कुटुंब वर्षातून सहा-सात महिने भट्टीवर किंवा हल्ली वीटभट्टीवर असते. पाहणीला कोणी आले तर दाराला ताटी असते, आणि "इथे कोणी राहत नाही" असा शेरा बसायला वेळ लागत नाही. तेव्हा कुटुंबाच्या वतीने तिथे उभे असते ते घरच.

आणि याच वेळी घरकुल येते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन मोहीम सुरू केली. विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी तिच्यात पक्क्या घराला दोन लाख रुपयांची मदत आहे. महाराष्ट्रात असे तीन गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. ही योजना चांगली आहे आणि आपल्या वाडीत ती पोचावी म्हणून आपल्याच मंडळींनी हेलपाटे घातले आहेत. सरकारी मदतीत जे कमी पडते ते आपण घालतो. पण डोंगरउतारावर सपाट जागा थोडी. नवे घर उठते ते बहुधा जुन्याच जागी, आणि काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी जुने घर उतरवतात. मेढी सरपणात जातात. चार दिवसांत जागा मोकळी. मग जोते नवे, विटा नव्या, भिंतीवर योजनेची पाटी आणि साल. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की हे घर काल-परवा बांधले. ज्या जमिनीचा दावा अजून मंजूर नाही, तिथली साठ वर्षांची खूण आपण चांगल्या मनाने, प्रार्थना करून, नारळाऐवजी पाळकांच्या हस्ते फीत कापून पुसून टाकतो.

निगडीकरांना खरे तर हे लवकर समजायला हवे. १९७२ मध्ये प्राधिकरण स्थापन झाले तेव्हापासून इथल्या सेक्टरांत घर घेणाऱ्यांना ९९ वर्षांचा भाडेपट्टा म्हणजे काय हे पाठ आहे. घर आपले पण जमीन आपली नाही, या एका वाक्यावर किती बैठका झाल्या, किती अर्ज गेले! त्यासाठीच आपण वाटपपत्र, पावत्या, करारनामा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवतो. ती पिशवी कोणी आपल्याला न विचारता सरपणात घातली तर? कातकऱ्याची पिशवी ऐनाच्या सहा मेढींची आहे, एवढाच फरक.

आता शास्त्रभाग पाहू. लेवीयच्या २३ व्या अध्यायात मंडपांचा सण आहे. कापणी झाली, धान्य घरात आले, लोक पक्क्या घरांत राहू लागले. अशा वेळी देव त्यांना सात दिवस घराबाहेर काढतो आणि डहाळ्यांच्या मांडवात राहायला सांगतो. कारणही तो स्वतः देतो: मिसरातून बाहेर आणल्यावर तुमचे पूर्वज मांडवात राहिले, हे पुढच्या पिढ्यांना कळावे. इथे मला दोन गोष्टी विशेष वाटतात. देवाने त्यांना कायमचे मांडवात राहा असे सांगितले नाही. पक्के घर हा त्याचाच आशीर्वाद होता. पण त्या आशीर्वादाबरोबर जुन्या खोपीची आठवण पुसली जाऊ नये, अशी व्यवस्था त्याने केली, आणि तीही आज्ञा म्हणून. शिवाय ती आठवण राखण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे दिले नाही, ज्यांचे पूर्वज मांडवात राहिले त्यांच्याकडेच दिले. वाडीतल्या मुलांना आपल्या आज्याने घर कसे बांधले हे सांगता आले पाहिजे. ते आपल्या वार्षिक अहवालातल्या फोटोखाली छापून आले म्हणजे काम झाले, असे होत नाही.

यिर्मयाच्या ३२ व्या अध्यायात तर जमिनीच्या व्यवहाराचा सगळा तपशील आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथमधले शेत विकत घे म्हणतो. देश बुडत असताना शेत कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक खत मोहरबंद आणि एक उघडे, अशी दोन्ही बारूखाच्या हाती देतो. आणि सांगतो की ती मातीच्या पात्रात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. भविष्यावरचा विश्वास इथे प्रवचनातून येत नाही. साक्षीदार, दोन प्रती आणि एक मडके यांतून येतो. देवाच्या वचनावर भरवसा ठेवणारा माणूस कागदपत्रांबाबत इतका काटेकोर असतो, हे सेवाकार्य करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावे.

आपल्या गटांमध्ये हा पाठ घेताना काही प्रश्न चर्चेला ठेवता येतील. आपल्या आजी-आजोबांचे घर कसे होते आणि त्याची कोणती खूण आज उरली आहे? आपण मदत करतो तेव्हा घेणाऱ्याच्या घरातले काय काय आपल्या नजरेला 'जुनेपाने' दिसते? हनामेलच्या जागी एखादे कातकरी कुटुंब असेल, तर बारूखाचे काम कोणी करायचे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता येण्याजोगे आहे, म्हणून त्याबद्दल नेमके सांगतो. आजींच्या घराबाबत आम्ही काय केले ते असे. घर आतून-बाहेरून मोजून आराखडा काढला, मेढी आणि आढ्याचा घेर लिहिला. चारही बाजूंचे फोटो घेतले, आणि प्रत्येक फोटोत आजूबाजूची न हलणारी एक तरी खूण येईल असे पाहिले: आंबा, मोठा खडक, विहीर. त्यामुळे घर गेले तरी जागा ओळखता येते. भूकंपाची हकिकत आजींच्या शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनीही सांगितली. दावेदाराच्या घरातले नसल्यामुळे त्यांचे निवेदन लिहून घेतले, त्यांना मोठ्याने वाचून दाखवले, दोन शब्द त्यांनी दुरुस्त करायला लावले, मग अंगठा घेतला. वंशावळ सुनेने सांगितली, ती आजींपेक्षा जास्त पक्की निघाली. हे सगळे आमच्या फायलीत ठेवण्यात अर्थ नव्हता. एक संच कुटुंबाकडे दिला, एक वनहक्क समितीकडे, आणि समितीला विनंती केली की घर उतरवण्याआधी तुम्ही स्वतः जागेवर येऊन पाहणीची नोंद करा. नोंद करण्याचा अधिकार समितीचा आहे, आपला नाही. आपण फक्त मोजायला आणि लिहायला हात देतो.

घर ठेवायचे की उतरवायचे हा निर्णय कुटुंबाचा होता आणि त्यांनी तो पटकन घेतला. नातसुनेला सिमेंटची फरशी आणि आतून कडी लागणारे न्हाणीघर हवे आहे, आणि तिचे अगदी बरोबर आहे. आजींनी एकच मागणी केली: मेढी जाळायच्या नाहीत. त्यांतल्या चार अजून ठणठणीत आहेत, त्या नव्या घराच्या पडवीला लागणार आहेत. कंत्राटदाराला हे पसंत नव्हते, पण थोरला मुलगा ठाम राहिला.

पावसाळा संपला की त्याच वाडीतल्या आणखी पाच घरांचे काम सुरू होईल. त्यांतली तीन घरे जुन्या मेढींवरची आहेत आणि एका घरातले आजोबा बरेच थकले आहेत, त्यांचे निवेदन आधी घ्यायला हवे. त्यासाठी दोन शनिवार लागतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी सेवा समितीकडे नाव द्यावे. बरोबर मोजपट्टी, रेघांची वही, शाईची उशी आणि जेवणाचा डबा आणावा, आणि उंच माणसांनी आत शिरताना वाकायचे लक्षात ठेवावे.